उतरलेला आवाज

बुटांच्या दुकानात पाय बघायला ठेवतात तो बुटका, तिरका आरसा कुणाचा तरी धक्का लागून उलथला आणि फरशीवर फुटला, तेव्हा दुकानातलं एकूण एक माणूस दचकलं. एका आजोबांनी हातातला बूट छातीशी धरला. गल्ल्यावरचा मालक "अरे अरे अरे" करत अर्धवट उठला. इतका वेळ आईच्या खांद्यावर गाढ झोपलेल्या कुणाच्या तरी तान्ह्या बाळानं टाहो फोडला. भिंगरी मात्र दचकली नाही. आरसा तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर फुटला होता, आणि ती स्टुलावर बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, नव्या बुटाचा पट्टा बकलातून ओढत होती. पट्टा ओढून झाला, काडी भोकात बसली, मग आईला दाखवायला तिनं मान वर केली. आईचा चेहरा बघितला. आणि तो चेहरा बघून ती दचकली.

"काय लक्ष आहे हो पोरीचं!" काचा गोळा करता करता दुकानातला माणूस म्हणाला. "इथं आभाळ कोसळलं तरी ही आपली ढिम्म." यावर हसायला हवं होतं. आईचं हसू तयारही होतं, कारण पालकांसमोर कधी कसं हसायचं हे तिला झोपेतही जमलं असतं. पण ते हसू ओठांवर आलंच नाही. तिनं पैसे दिले, जुने बूट पिशवीत घातले, आणि बाहेर रस्त्यावर येईपर्यंत आपण मुलीचा हात इतका घट्ट धरलाय की तिची बोटं पांढरी पडली आहेत, हे तिच्या लक्षात आलं नाही. भिंगरीनंही हात सोडवून घेतला नाही. ती खाली बघत चालत होती, नव्या बुटांकडे, आणि दर चार पावलांनी वर आईच्या तोंडाकडे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ही तिची वाईट खोड. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं, ओठांकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही, हे तिला किती वेळा सांगितलं होतं. इतक्या वेळा, की आता आईची नजर खाली आली की भिंगरीची नजर चोरी पकडल्यासारखी झटकन वर चढायची, थेट डोळ्यांत. आत्ताही तशीच चढली. आणि आईला रस्त्याच्या मधोमध, फळवाल्याची गाडी आणि थांबलेली रिक्षा यांच्यामध्ये, पाय उचलवेना.

ती मुलांच्या वागणुकीतली तज्ज्ञ होती. उगाच नावापुरती नव्हे, खरोखरची. मुलांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर तिची खोली होती, खोलीत बुटक्या खुर्च्या, आणि बाहेरच्या बाकावर नेहमी दोनतरी जोडपी, एकमेकांवर रुसलेली आणि पोरावर वैतागलेली. शनिवारी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या सभागृहात तिचं व्याख्यान असे. माणसं मागे उभी राहून ऐकत. खरं तर मागे उभं राहून तिचं ऐकू जाणं मुश्कील, कारण ती अतिशय हळू बोलायची, आणि तीच तर तिची ख्याती होती. "आवाज उतरवा," ती म्हणायची. "तुम्ही ओरडलात की मूल कान बंद करतं. तुम्ही आवाज उतरवलात की त्याला कान उघडावेच लागतात." आणि हे म्हणताना आवाज असा उतरवायची की दोनशे माणसांचं सभागृह पुढे झुकायचं. मग ती थांबायची, त्या झुकलेल्या माना बघायची आणि म्हणायची, "बघा. ऐकलंत ना?" टाळ्या. दवाखान्याच्या जिन्यात तिच्या या वाक्याचा फलकही लावला होता, खाली एका हसऱ्या, गुटगुटीत पोराचं चित्र. नवरा मात्र घरी चिडवायचा, "तुझं ऐकायला माझेच कान सशासारखे होतात, ती तर पोर आहे." त्यावर ती त्याच्याकडे नुसती बघायची, आणि तो आवाज उतरवायचा.

व्याख्यानात आणखी एक गंमत ती हटकून सांगायची. पालक खोलीत आले की ठरलेला पहिला प्रश्न ती विचारते, मान वर न करता, कारण उत्तर माहीतच असतं : मुलाला ऐकू नीट येतं का, कान तपासलेत का? आणि झाडून सगळे आईबाप एकच उत्तर देतात. "ऐकू येतं हो, चांगलं खणखणीत येतं. फक्त ऐकत नाही!" सभागृह हसायचं. तीही हसायची, दर वेळी नव्यानं. आपल्या भाषेनं या दोन गोष्टींना एकच शब्द का दिला असावा, असं ती मिस्किलपणे विचारायची आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायची. आता फळवाल्याच्या गाडीपाशी उभी असताना तो शब्द तिच्या डोक्यात नुसता फिरत राहिला. ऐकत नाही. भिंगरी ऐकत नाही. शाळेतल्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, तुमची मुलगी असून ऐकत नाही हो, आणि त्या "असून"नं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. घरी ऐकत नाही, बागेत ऐकत नाही, हाक मारली की ऐकत नाही, दुसऱ्यांदा मारली की "काय?" म्हणते, आणि ते "काय?" असं सपाट, मोठ्यानं, की उद्धटपणा वाटावा. या प्रत्येक वाक्यात दुसरं एक वाक्य उघडंनागडं उभं होतं. जगातल्या प्रत्येक आईबापाला जो प्रश्न तिनं विचारला होता, तो तिच्या घरात कुणी विचारला नव्हता, कारण तिच्या घरात विचारणारी तीच होती.

तिनं हात सोडला. दोन पावलं मागे राहिली. हे आपण काय करतोय, असं तिला वाटलं, स्वतःच्याच मुलीच्या मागे चोरासारखं. भिंगरी पुढे चालत होती, नवे बूट जमिनीवर जरा जास्तच आपटत. "भिंगरी," आई म्हणाली. तिच्या त्या प्रसिद्ध, मऊ, उतरलेल्या आवाजात. भिंगरी चालत राहिली. "भिंगरी. मागे बघ, तुझ्यासाठी आंबा घेऊ." आंब्याच्या नावानं शेजारून जाणाऱ्या परक्या पोरानं मान वळवली. भिंगरी चालत राहिली. मग आपला हात रिकामा आहे हे तिला कळलं असावं, कारण ती एकदम थांबली, गर्रकन वळली आणि गर्दीत आईचा चेहरा शोधू लागली. तिच्या डोळ्यांत एवढी भीती होती, आणि ती भीती इतकी सरावाची होती, की आईला वाटलं, ही मुलगी अशी रोज हरवत असणार. आपल्या शेजारी उभी राहून रोज हरवत असणार.

आधी अशी नव्हती ती. अडीच वर्षांची असताना कुणीही कुठंही टाळी वाजवली की स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून तर भिंगरी. शेजारच्यांच्या घरात चमचा पडला तरी "काय पलं?" म्हणून विचारायची. मग कधी कमी झालं? आईनं आठवायचा प्रयत्न केला आणि जे जे आठवलं त्याला तिचा स्वतःचा हात लागलेला होता. भिंगरी बोलणाऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवायची. त्यावर आईनं नियम केला : चेहऱ्याला हात लावायचा नाही, खांद्यावर हात ठेवायचा आणि थांबायचं. भिंगरी थांबायला शिकली. वर्गात ती सारखी जागेवरून उठून बाईंच्या टेबलाला चिकटून उभी राहायची. तेव्हा आई स्वतः शाळेत गेली, बाईंसमोर बसून, आवाज उतरवून म्हणाली, "लक्ष वेधण्यासाठी आहे हे. तुम्ही कौतुक करू नका, रागवूही नका. काही दिवस शेवटच्या बाकावर बसवा." बाईंनी लगेच बसवलं. तज्ज्ञ आईचा शब्द! आणि घरात तो दुसरा नियम : सूचना एकदाच मिळेल. पुन्हा पुन्हा सांगितलं की मुलाला पहिल्यांदा न ऐकायची सवय लागते, हे ती शेकडो पालकांना सांगत आली होती. तेव्हा एकदाच. ऐकलं नाही तर झोपतानाची गोष्ट नाही. कितीतरी संध्याकाळी गोष्ट नव्हती. भिंगरी त्यावर रडायची नाही, भांडायची नाही, नुसती गोंधळून पांघरूण हनुवटीपर्यंत ओढायची, आणि आईला वाटायचं, शिस्त लागतेय. गोष्ट असायची त्या दिवशी मात्र ती आईच्या पुस्तकाकडे न बघता तिच्या पाठीला कान लावून झोपायची, आणि काय ऐकतेस असं विचारलं तर म्हणायची, "गुंगुं." आई नवऱ्याला कौतुकानं सांगायची, अजून लहान बाळासारखी चिकटते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं कुणी तेव्हा तोंडावर म्हणालं असतं तरी तिला ते लागू पडलं नसतं, कारण ती कोरडी कुठं होती? तिनं सांगितलेलं सगळं तीच सर्वांत निष्ठेनं पाळत होती. एवढ्या निष्ठेनं कुठल्याच पालकानं पाळलं नव्हतं. ते बिचारे घरी जाऊन विसरत, चिडत, पोरांच्या अंगावर ओरडत, आणि पोरांना ऐकू जात असे.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. तो भांडी विसळत होता. भिंगरी त्याच्या पायांशी बसून नव्या बुटाचं बकल काढघाल करत होती. "तू मध्ये तिच्याशी हळू का बोलायला लागलास?" तिनं विचारलं.

"म्हणजे? तूच म्हणालीस ना, तू ओरडतोस आणि माझी मेहनत पाण्यात जाते." तो हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. "काय झालं?"

"तू ओरडायचास तेव्हा ती तुझं ऐकायची."

"हो मग. बापाचा वचक असतो."

"वचक नव्हे," ती म्हणाली. तिनं ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला आणि भिंगरीच्या पाठीमागे फरशीवर सोडला. पेला खणखणला, उडाला, गोल फिरत राहिला, त्याचा तो बारीक होत जाणारा आवाज संपता संपेना. नवरा "अगं काय हे" म्हणत दचकून वळला. भिंगरीचं बकल निघालं, तिनं ते परत लावलं. नवऱ्याच्या हातावरून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत गेलं. तो पुसायचं विसरून उभा राहिला, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "नाही, तसं नसेल. लक्ष नसेल तिचं." मग आपण कुजबुजतोय हे त्याच्या ध्यानात आलं. या घरात कुजबुजायची काही गरजच नव्हती. दोन शहाणी, शिकलेली, प्रेमळ माणसं एका मुलीभोवती कुजबुजत राहिली होती.

कानांच्या तपासणीची खोली तिच्याच दवाखान्यात होती, तळमजल्यावर, फलकाच्या जिन्याखाली. इतकी वर्षं ती त्या दारावरून वर गेली होती. तपासणी करणारी मुलगी तरुण होती, ओळखून लगबगीनं उठली, "मॅडम तुम्ही! कुणाला पाठवायचं होतं?" म्हणाली, आणि मग तिची नजर भिंगरीवर गेली. काचेच्या पलीकडे लहानशी बंद खोली, तिथं भिंगरीला बसवलं, डोक्यावर मोठाले हेडफोन, पुढ्यात लाकडी ठोकळे आणि एक डबा. आवाज आला की ठोकळा डब्यात. भिंगरीला खेळ लगेच समजला. खेळ समजायला ती कायम हुशार होती. आई काचेच्या अलीकडे बसली. मुलीनं बटण दाबलं, आणि भिंगरीनं ठोकळा टाकला. पुन्हा दाबलं, पुन्हा टाकला. आईच्या छातीवरचा दगड थोडा हलला. आरसा काय, पेला काय, लहान मुलं असतात अशी तंद्रीतली. तिनं भिंगरीला मान हलवून शाबासकी दिली. पुढचा आवाज गेला, ठोकळा पडला.

"मॅडम," तपासणारी मुलगी अवघडून म्हणाली, "जरा पाठ करून बसता? ती तुमच्याकडे बघून टाकतेय. मी बटण दाबलं की तुमचा चेहरा बदलतो."

ती पाठ करून बसली. आता तिच्यासमोर भिंत होती, फिकट हिरवी, खाली कुणाच्या तरी चपलेचा काळा ओरखडा. शेजारच्या पेटीतल्या छोट्या कर्ण्यातून भिंगरीच्या कानात जाणारा आवाज तिलाही ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा. शिट्टी आली आणि गेली. ठोकळा पडला नाही. शिट्टी मोठी झाली. त्याच कर्ण्यातून भिंगरीच्या खोलीतलाही आवाज येई, पण तिथून काही नाही. आणखी मोठी. आईनं मांडीवर हात दाबून धरले. टाक, ती मनात म्हणाली, टाक ना ग, आलाय आवाज. शिट्टी आता दातांत जाणवत होती. मग ती इतकी मोठी झाली की तपासणाऱ्या मुलीनं कर्ण्याचा आवाज कमी करायला हात पुढे केला. आईनं तिचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. जे पोरीला ऐकू जात नव्हतं ते निदान आपण पूर्ण ऐकावं, एवढंच तिला सुचलं. आणि मग अगदी शेवटी, कानठळ्या बसतील अशा त्या आवाजात, पाठीमागे लाकडाचा एक ठोकळा डब्यात पडला. खात्री नसल्यासारखा, हलकेच.

कानांचे डॉक्टर वयस्कर होते, उगाच धीर न देणारे. दोन्ही कान, ते म्हणाले. हळूहळू गेलंय, दीडदोन वर्षं तरी. कारण सापडेलच असं नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात. काच, भांडी, पक्षी, बोलण्यातले स, श, च. "जाड आवाज अजून येतात. कुणी समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, मोठ्यानं बोललं तर बरंचसं कळत असेल तिला. ओठ वाचायला आपलं आपण शिकली असेल, ही मुलं शिकतात. यंत्रं लावू, फायदा होईल." मग सवयीनं, कागदावर काही लिहीत, मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरी तिच्याशी मोठ्यानंच बोलता ना?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीकडे बघत होता. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं, पण आत सगळं बधिर झालं होतं, आणि त्या शब्दाचीही तिला आता धास्ती वाटली. जिकडे वळावं तिकडे कानच होते. कानावर घातलं होतं, कानीकपाळी सांगितलं होतं, कानामागे टाकते म्हणून तक्रार केली होती. "पुढचं काय ते मी समजून घेतो, तू तिला घेऊन बाहेर बस," नवरा म्हणाला. दीडदोन वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्याशी मोठ्यानं बोलला, आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

बाहेरच्या लांब बोळात माणसं बाकांवर बसून होती. समोर जिना, जिन्यात तो फलक आणि ते गुटगुटीत, हसरं पोर. भिंगरी बाकावर बसून पाय हलवत होती. ठोकळ्यांचा खेळ तिला आवडला होता. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि नियमाप्रमाणे थांबली. आई वळल्यावर ती म्हणाली, तिच्या त्या सपाट, मोठ्या, स पुसट झालेल्या आवाजात, "आई, मी आता रोज ऐकीन. मग करशील वर?"

"काय वर करू?"

भिंगरीची नजर तिच्या ओठांवर गेली, तिथून चोरून काय ते उचलून घाईघाईनं डोळ्यांवर आली. "आवाज," ती म्हणाली. "तू म्हणालीस ना. ऐकलं नाही की आवाज खाली जाणार. खूप खाली गेला. तुझा पण, बाबांचा पण. बाईंचा पण. खिडकीतल्या पक्ष्यांचा पण केलास." तक्रार नव्हती तिची. हिशेब नीट लागावा म्हणून सांगत होती. "आज मी सगळे ठोकळे टाकले. आता पक्ष्यांचा कर. मग बाबांचा."

आई बाकावरून उठून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. अशीच ती बसायची, रोज, मुलाच्या उंचीला यावं म्हणून, आणि म्हणायची, तू ऐकलं नाहीस की माझा आवाज खाली जाईल, ऐकलंस की वर येईल. हे वाक्य भिंगरीला ऐकू गेलं होतं. इतक्या वाक्यांतून नेमकं हेच एक तिला पूर्ण पोचलं होतं, आणि त्यानंतर सारं जग गप्प होत गेलं होतं, आणि ती पोर दीड वर्षं, कुणालाही न सांगता, शेवटच्या बाकावर बसून आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, हे सगळं आपण ऐकत नाही म्हणून झालंय असं समजत आली होती. शहाणं व्हायला धडपडत होती. आईनं बोलायला तोंड उघडलं. नाही ग बाई, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं, आणि ते म्हटलंही गेलं, पण त्याच आवाजात, मऊ, उतरलेल्या. इतकी वर्षं खाली ठेवलेला आवाज वर यायला तयार होईना. भिंगरी तिच्या डोळ्यांत बघत होती, आणि डोळ्यांत ओठ नसतात.

"तोंडाकडे बघ," आई म्हणाली. "भिंगरी, माझ्या तोंडाकडे बघ." भिंगरी डोळ्यांत बघत राहिली. तेव्हा आई ओरडली. "तोंडाकडे बघ माझ्या! तोंडाकडे!" बोळातल्या सगळ्या माना वळल्या. पलीकडच्या बाकावरच्या एका बाईनं, जी तिच्याच खोलीत येत असे, आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं. भिंगरीला त्या ओरडण्यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिला दिसला तो चेहरा, ताणलेला, लाल, कधी न पाहिलेला. ती पाय हलवायची थांबली. बाकावरून खाली उतरली, नवे बूट जुळवून सरळ उभी राहिली, हात मागे बांधले, आणि ओठांकडे चुकूनही न बघता, शिकवलं होतं तसं, आईच्या डोळ्यांत बघत राहिली.